सहाव्या धरणाचा हिशेब

२०१५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्याने एक चमत्कारिक दुष्काळ पाहिला. खोऱ्यातल्या धरणांत सरासरीपेक्षा जास्त साठा होता. सरलेल्या हिवाळ्यात आभाळातून पडलेले पाणीही, एकूण मोजले तर, नेहमीच्या आसपासच होते. तरीही गव्हर्नरांनी राज्यभर दुष्काळाची आणीबाणी जाहीर केली आणि रोझा नावाच्या सिंचन संस्थेने सुमारे ७२ हजार एकरांना पाणी देणारा आपला कालवा ऐन वसंतात जवळजवळ तीन आठवडे बंद ठेवला. त्या कालव्यावर सफरचंदाच्या, चेरीच्या बागा आहेत, द्राक्षमळे आहेत आणि बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सचे वेल आहेत. अमेरिकेतल्या हॉप्सपैकी जवळपास तीन चतुर्थांश याच खोऱ्यात पिकतात. धरणात पाणी, बागेत फळ आणि कालवा कोरडा. या कोड्याचे उत्तर एका वाक्यात सांगता येते: त्या हिवाळ्यात पाणी पडले ते बर्फ म्हणून न पडता पाऊस म्हणून पडले. पण एवढ्याशा फरकाने इतके बिघडते का, आणि बिघडल्यावर कालव्याला कुलूपच लावणे शहाणपणाचे कसे ठरते, हे समजायला खोऱ्याची रचना पाहावी लागते.

प्रशांत महासागरावरून येणारे ढग कॅस्केड पर्वताला अडतात आणि पश्चिम उतारावर रिते होतात. पूर्वेकडचे याकिमा खोरे त्या पर्वताच्या पर्जन्यछायेत आहे. याकिमा शहरात वर्षाला जेमतेम आठ इंच, म्हणजे दोनशे मिलिमीटर पाऊस होतो. आपल्या माणदेशात याच्या दुपटीहून अधिक होतो. त्यातही बहुतेक हिवाळ्यात, पिकांना नको तेव्हा. तेव्हा इथली शेती उभी आहे ती पर्वतमाथ्यावर साचणाऱ्या बर्फावर. किचेलस, कचीस, क्ले एलम, बंपिंग आणि रिमरॉक या पाच धरणांचा मिळून साठा साधारण दहा लाख सत्तर हजार एकर-फूट आहे, आपल्या भाषेत सुमारे ४६ टीएमसी. खोऱ्यातले कायदेशीर पाणीहक्क मात्र जवळपास चोवीस लाख एकर-फुटांचे, म्हणजे शंभर टीएमसीच्या वर, कोयनेच्या भरलेल्या धरणाएवढे. मधली तफावत बर्फ भरून काढते. हिवाळाभर थिजून राहायचे आणि एप्रिल ते जुलै सावकाश वितळत नदीत उतरायचे, हे काम तो फुकट करतो. म्हणून तिथले लोक बर्फाला सहावे धरण म्हणतात. फक्त या धरणाला दरवाजे नाहीत. हिवाळा उबदार गेला की ते जानेवारी-फेब्रुवारीतच वाहू लागते, पाच खऱ्या धरणांत मावेल तेवढे मावते आणि उरलेले कोलंबिया नदीला मिळून समुद्राला जाते.

म्हणजे कमी बर्फाच्या वर्षी पाण्याच्या आधी वेळ तुटते. नदी हंगामभर वाहण्याऐवजी हंगामाआधीच वाहून जाते. एरवी जूनच्या उत्तरार्धापर्यंत वाहत्या नदीवर भागते आणि त्यानंतर धरणांना हात लागतो. वाईट वर्षी तो हात वसंतातच लागतो आणि मग ऑक्टोबरपर्यंतचा प्रवास त्याच साठ्यावर करावा लागतो. सिंचन संस्थेला पाणी वाढवता येत नाही, बर्फ पाडता येत नाही. तिच्या हातात एकच गोष्ट राहते: तुटवडा कधी सोसायचा, आणि तो सोसताना कोणते पीक मरू द्यायचे नाही, हे ठरवणे. माझे म्हणणे असे की हे ठरवण्याची मोकळीक तिला मिळते, कारण ‘कोणाला किती’ हा प्रश्न कित्येक दशकांपूर्वीच, निष्ठुर वाटावा इतक्या पक्केपणाने, सोडवून ठेवलेला आहे. दुष्काळ पडल्यावर वाटणीची भांडणे सुरू झाली, तर ‘कधी’ हा प्रश्न विचारायला कोणाला सवडच मिळत नाही.

अशा सिंचन संस्थेला तिकडे ‘सिंचन जिल्हा’ म्हणतात. या शब्दाचा इथे खुलासा केला पाहिजे, कारण त्याचा कलेक्टर कचेरीशी संबंध नाही. एका कालव्याखालच्या जमीनधारकांनी कायद्याखाली उभी केलेली ही स्वायत्त संस्था असते. शेतकरी आपल्यातून संचालक निवडतात, संस्था एकरी पट्टी बसवते, आणि पट्टी थकली तर जमिनीवर बोजा चढतो. आपल्याकडच्या पाणीवापर संस्थेला नगरपालिकेचे अधिकार दिले तर जे होईल, साधारण ते. धरणे केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ रेक्लमेशनकडे. तिथून कालव्यात घेतलेले पाणी शेताच्या तोंडाशी पोचवणे जिल्ह्याकडे. रोज चाऱ्यांवरून फिरून दारे उघडझाप करणारा, आपण ज्याला पाटकरी म्हणू, तो माणूस जिल्ह्याच्या पगारावर असतो आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने संस्था म्हणजे तोच.

हिशेब सुरू होतो तो बर्फाचे वजन करून. किती फूट बर्फ साठला याला फारसा अर्थ नाही, कारण भुसभुशीत आणि घट्ट बर्फात पाणी वेगवेगळे असते. नेवाडातल्या जेम्स चर्च या प्राध्यापकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोकळ नळी बर्फात खुपसून, ती तोलून, त्यात पाणी किती हे काढायची रीत बसवली. हा गृहस्थ शिकवायचा लॅटिन. जलशास्त्राला एक हत्यार भाषेच्या मास्तराने दिले, याची गंमत वाटते. आता डोंगरात स्वयंचलित केंद्रे आहेत. जमिनीवर पसरलेल्या, न गोठणाऱ्या द्रवाने भरलेल्या उशांवर बर्फाचा भार पडतो आणि त्याचा आकडा आपोआप कचेरीत पोचतो. १ एप्रिलच्या सुमाराचा आकडा निर्णायक मानतात. ब्युरो मार्चपासून दर महिन्याला बेरीज मांडते: धरणांतला साठा, एप्रिल ते सप्टेंबर नदीत येऊ शकणारे पाणी आणि शेतांतून झिरपून परत नदीला मिळणारे पाणी. त्यातून नदीसाठी राखून ठेवायचा प्रवाह आणि ज्येष्ठ हक्कांचे पाणी वजा होते. जे उरते त्याला कनिष्ठ हक्कांनी भागले की टक्केवारीचा एक आकडा निघतो. वसंतात सगळे खोरे त्या एका आकड्याची वाट पाहत असते. आपल्याकडेही १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा आहे की नाही यावर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचे का ते ठरते. एक तारीख, एक आकडा, आणि त्यावर अवलंबून असलेली हजारो शेते, हे चित्र मराठी वाचकाला परके नाही.

आता त्या ज्येष्ठ-कनिष्ठाबद्दल. अमेरिकेच्या पश्चिमेत पाण्याचा मूळ नियम ‘आधी आला तो आधी प्यायला’ असा आहे. याकिमात ही रेघ १० मे १९०५ या तारखेवर ओढली आहे. त्या वर्षी केंद्र सरकारने इथल्या प्रकल्पासाठी नदीतले शिल्लक पाणी आपल्याकडे राखून घेतले. त्याआधीचे हक्क ज्येष्ठ; त्यांना सहसा पूर्ण पाणी मिळते. त्या तारखेने आलेले प्रकल्पाचे हक्क कनिष्ठ, आणि १९४५ च्या न्यायालयीन तडजोडीनुसार तुटीच्या वर्षी या सगळ्यांना सारखाच टक्का मिळतो. सनीसाइड कालव्याचे सुमारे दोन तृतीयांश पाणी ज्येष्ठ आहे. रोझा आणि खोऱ्याच्या वरच्या अंगाचा किटिटास जिल्हा पूर्णपणे कनिष्ठ. १९९४ आणि २००१ मध्ये कनिष्ठांच्या वाट्याला साधारण ३७ टक्के आले, २००५ मध्ये ४२, २०१५ मध्ये ४७. रोझा आणि सनीसाइड यांचे कालवे एकमेकांच्या वरखाली, जवळपास समांतर जातात. वरच्या बागेत अर्धे पाणी आणि तिच्या खालच्या शेतात जवळजवळ भरपूर, असा देखावा दुष्काळात तिथे दिसतो.

हे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येणारच. एकशे वीस वर्षांपूर्वी कोणाच्या पणजोबाने आधी पाट खणला म्हणून आज त्याच्या पणतूच्या गवताला पाणी आणि शेजारच्या सफरचंदाला नाही, यात तर्क कोणता? शिवाय ‘आधी आला’ हे तत्त्व खरे धरले तर सर्वांत आधी आले ते याकामा आदिवासी. त्यांनी १८५५ च्या करारात जमिनीचा मोठा भाग सोडताना मासेमारीचा हक्क राखला होता, आणि तो हक्क न्यायालयांनी गांभीर्याने घ्यायला शतकाहून अधिक काळ गेला. आक्षेपाचा हा दुसरा भाग मला निरुत्तर करतो. नियमाची सुरुवातच एका विसराळूपणातून झाली. पहिल्या भागाला मात्र उत्तर आहे. कोणाचे पीक जास्त मोलाचे, कोणाची गरज जास्त खरी, हे दर दुष्काळात नव्याने ठरवायचे म्हटले तर मार्चमध्ये निघालेला आकडा जुलैपर्यंत कोर्टात अडकेल. ज्याला आधीपासून माहीत आहे की वाईट वर्षी आपल्याला चाळीस टक्केच मिळणार, तो त्या हिशेबाने विहीर खणतो, ठिबक बसवतो, कोणती शेते रिकामी ठेवायची ते ठरवतो. रोझाच्या बागाईतदारांनी नेमके हेच केले. सगळ्यात कच्चा हक्क असलेल्या जिल्ह्यातच पाणी काटेकोर वापरायची सवय सर्वांत आधी लागली, हा योगायोग मानता येत नाही.

आणि एकदा हक्क पक्का झाला की तो भाड्याने देता येतो. वार्षिक पीक घेणारा ज्येष्ठ हक्कदार एक हंगाम जमीन पडीक ठेवून आपले पाणी बागेवाल्याला देऊ शकतो. गव्हाचे एक पीक गेले तर एका वर्षाचे नुकसान. झाड वाळले तर पुढची दहा वर्षे गेली. कोणाला किती हे संदिग्ध असते तर हा व्यवहार झालाच नसता, कारण जे आपले आहे हे सिद्ध करता येत नाही ते भाड्याने कसे देणार? अर्थात पक्केपणाही फुकट आला नाही. खोऱ्यातल्या सगळ्या पाणीहक्कांची छाननी करणारा खटला १९७७ मध्ये सुरू झाला आणि त्याचा अंतिम हुकूम २०१९ मध्ये निघाला. हे वाचून आपल्या दिवाणी न्यायालयांना थोडे बरे वाटावे.

१९७७ हे वर्ष आणखी एका कारणाने खोऱ्याच्या लक्षात आहे. त्या फेब्रुवारीत अंदाज निघाला की कनिष्ठ हक्कदारांना फक्त ६ टक्के पाणी मिळेल. लोकांनी कर्ज काढून विहिरी खोदल्या, पिके बदलली. प्रत्यक्षात पाणी त्याच्या कित्येक पटींनी जास्त आले, आणि मग नुकसानभरपाईचे दावे लागले. ज्या पद्धतीचा सारा डोलारा एका अंदाजावर, तिच्यावर विसंबावे कसे, असे कोणी यावरून विचारू शकेल. पण दुसऱ्या टोकाचा विचार करा. अंदाज उदार निघाला, शेतकऱ्याने सगळे एकर लावले आणि ऑगस्टमध्ये कालवा आटला, तर दाव्यालाही जागा उरत नाही. बाग तर गेलेलीच असते. अंदाज चुकणार, हे गृहीतच धरावे लागते. म्हणून शहाणे जिल्हे मार्चच्या आकड्यावर सगळे पत्ते टाकत नाहीत. आधी हात आखडता घेतात आणि मे-जूनमध्ये आकडा सुधारला तर सैल सोडतात. उलट क्रम परवडत नाही.

रोझाने २०१५ मध्ये मे महिन्यात कालवा बंद केला त्यामागे हाच विचार होता. कालवा अर्ध्या पाण्यावर अर्धा चालत नाही. गळती आणि बाष्पीभवन जवळपास ठरलेलेच राहते. पाणी कमी झाले की पातळी उतरते आणि वरच्या चाऱ्यांच्या तोंडापर्यंत पाणी चढत नाही. शेपटाकडच्या, आपल्या भाषेत ‘टेल’च्या, शेतकऱ्याला मग निव्वळ ओल मिळते. म्हणून रोज थोडे थोडे देत राहण्यापेक्षा काही काळ पूर्ण बंद ठेवून नंतर नीट चालवणे फायद्याचे. ते केव्हा, हा कळीचा मुद्दा. मेमध्ये हवा अजून गार असते, जमिनीत वसंताची ओल असते, फळ बोराएवढे असते. तेव्हाचे तीन आठवडे झाड कसेबसे काढते. ऑगस्टच्या उन्हात फळ भरत असताना तीन आठवडे पाणी तुटले तर फळ तर जातेच, पुढच्या वर्षीच्या कळ्याही धोक्यात येतात. संस्थेने गार हवेतले दिवस देऊन उन्हातले दिवस घेतले. ब्युरोची धरणे या काळात रोझाची तिजोरी झाली. न वापरलेला वाटा तिथेच राहिला.

खोऱ्याच्या वरच्या अंगाला किटिटास जिल्ह्याने तोच ४७ टक्के वाटा उलट्या रीतीने खर्च केला. तिथले मुख्य पीक टिमथी जातीचे गवत. त्याच्या गासड्या बांधून जपानसारख्या देशांत घोड्यांसाठी, गाईंसाठी जातात. या गवताची पहिली कापणी सर्वांत कसदार आणि तिचा भाव सर्वांत चांगला. तेव्हा किटिटासने पाणी सुरुवातीलाच मोकळे सोडले आणि ऑगस्टमध्ये, नेहमीच्या कितीतरी आधी, हंगाम आटोपता घेतला. दोन शेजारी, एकच टक्का, आणि निर्णय अगदी विरुद्ध, दोन्ही बरोबर. हे ब्युरोच्या कचेरीत बसून कोणाला ठरवता आले नसते. गवताची मुळे दुष्काळात झोपी जातात आणि पाणी मिळताच उठतात, सफरचंदाला ती सोय नाही, हे ज्यांना रोजच्या व्यवहारातून माहीत आहे त्यांच्याच हाती ‘कधी’चा निर्णय असला पाहिजे. आपल्याकडे आवर्तनांच्या तारखा कालवा सल्लागार समितीत ठरतात, मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली, आणि एका कालव्यावरच्या उसाला आणि ज्वारीला बहुधा एकाच आवर्तनात गाठावे लागते. तुलना इथेच थांबवतो, पण नजर वळते खरी.

नदीत मासे असल्यामुळे या वेळापत्रकाला आणखी एक गाठ बसली आहे. चिनूक सामन मासे सप्टेंबरात नदीच्या खडीत घरटी उकरून अंडी घालतात. त्या वेळी सिंचनासाठी नदी फुगलेली असली की घरटी उंचावर होतात, आणि कालवे बंद झाल्यावर पातळी उतरली की अंडी उघडी पडतात. १९८० मध्ये न्यायाधीश जस्टिन क्वाकेनबुश यांनी ही अंडी वाचवण्यासाठी धरणांतून पाणी सोडायचा हुकूम दिला. तेव्हापासून ब्युरो सप्टेंबरच्या सुरुवातीला वरच्या याकिमावरच्या धरणांचा विसर्ग कमी करते आणि खालच्या शेतांची मागणी टायटन नदीवरच्या रिमरॉकमधून भागवते. मासे मग कमी पातळीतच घरटी करतात आणि हिवाळ्यात ती बुडालेली राहतात. आधी ज्याला शेतकऱ्यांविरुद्धचा निकाल म्हटले गेले, त्याचे उत्तर शेवटी पाणी कमी करण्यात सापडले नाही; ते कुठल्या धरणातून कोणत्या आठवड्यात सोडायचे, यात सापडले. २०१५ मध्ये तर किटिटासच्याच कालव्यांतून कोरड्या पडलेल्या ओढ्यांत माशांसाठी पाणी सोडले गेले.

गळके कालवे सिमेंटने बांधा आणि सगळीकडे ठिबक करा, प्रश्न सुटेल, असे म्हणणारे तिथेही भेटतात. काही अंशी ते खरे आहे; रोझा आणि सनीसाइड यांनी मातीच्या चाऱ्यांच्या जागी बंद पाइप घातले, जादा आलेले पाणी धरून ठेवायला मधले तलाव बांधले. पण वरच्या शेतातून झिरपलेले पाणी वाया जातेच असे नाही. ते नदीला परत मिळते आणि खालचा जिल्हा त्याच्यावर जगतो. वर सांगितलेल्या बेरजेत ते आधीच धरलेले असते. वरची गळती थांबवली की खालचा झरा आटतो. त्यामुळे अशा बचतीतून पाण्याची वेळ आणि जागा सुधारते, हंगामाअखेरची ओढ कमी होते, पण एकूण पाणी अपेक्षेइतके वाढत नाही.

राहता राहिले धरण वाढवणे. राज्याने २०१३ मध्ये आणि केंद्राने २०१९ मध्ये मान्यता दिलेल्या खोऱ्याच्या एकात्मिक आराखड्यात क्ले एलमची पातळी तीन फुटांनी वाढवायची तरतूद आहे; त्यातून मिळणारे १४,६०० एकर-फूट मुख्यतः माशांसाठी. शेतकऱ्यांची खरी आशा कचीसवर आहे. तो मुळात नैसर्गिक तलाव. धरणाच्या दाराखाली त्याचा मोठा मृतसाठा पडून आहे. दुष्काळाच्या वर्षी पंप लावून त्यातले दोन लाख एकर-फुटांपर्यंत पाणी उपसायचे, आणि खर्चाचा मोठा वाटा रोझासारख्या कनिष्ठ जिल्ह्यांनी उचलायचा, असा प्रस्ताव आहे. तलावाकाठी घरे असलेल्यांचा त्याला विरोध आहे, कारण पाणी आणखी सुमारे ऐंशी फूट खाली जाऊ शकते. जिल्ह्यांच्या बाजूने पाहिले तर हा उपाय आतापर्यंतच्या सगळ्या धोरणाला धरूनच आहे: पाणी एका वेळेतून दुसऱ्या वेळेत नेणे. फक्त या खेपेला ते मे महिन्यातून ऑगस्टात जायचे नसून येणाऱ्या हिवाळ्यांतून या उन्हाळ्यात आणायचे आहे. उपसलेला तळ पुन्हा भरायला लागोपाठ काही चांगले हिवाळे लागतील, आणि याकिमा खोऱ्यात २०२३, २०२४ आणि २०२५ अशी तिन्ही वर्षे ओळीने दुष्काळी जाहीर झाली आहेत.